कोलकात्याच्या करन्सी बिल्डिंगला मधे छतच नाही?

परवा कोलकात्याला डलहौसी स्क्वेअरची जुनी करन्सी बिल्डिंग बघितली, मधल्या हॉलमधे उभं राहिलं की डोक्यावर डायरेक्ट आभाळ! डिझाइनच तसं आहे का?

↳ नाही हो, तिथे तीन मोठे घुमट होते, वरून उजेड यायचा. १८३३ची इमारत, आधी आग्रा बँक, १८६८पासून सरकारी नोटांचं ऑफिस. १९९०च्या दशकात घुमट पाडले, फार वाईट वाटतं. पाडकाम मधेच थांबलं म्हणून बाकीची वाचली, २००५मधे ती पुरातत्त्व खात्याकडे गेली.

↳ आणि ते लोखंडी गेट बघितलंत ना? तीन भागांचं, नक्षी नुसती बघत राहावी अशी.

↳ मला तर आपलं बडोद्याचं न्यायमंदिर आठवलं, कोर्ट हललं तिथून, पण मधल्या हॉलमधलं मोझॅइक जपायलाच हवं.