‘रेफ्री चुकला तर चुकला’ म्हणणाऱ्यांनी दोह्याची मॅच परत बघावी

विजापूर वेस:
परवा व्हीएआरवर, म्हणजे रेफ्रीचा निर्णय व्हिडिओवर तपासायच्या पद्धतीवर, आपल्यातल्याच एकाने लिहिलं, "व्हीएआर बंद करा. रेफ्री चुकला तर चुकला, तोही खेळाचाच भाग. पूर्वी काय फुटबॉल नव्हता का?" खाली सगळ्यांचे अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

११ जून २०२४. फुटबॉल वर्ल्डकप क्वालिफायर, कतारविरुद्ध, दोह्यात. ३७व्या मिनिटाला छांगतेचा गोल, आपण पुढे. जिंकलो की भारत पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत. कॅप्टन छेत्री पाचच दिवसांपूर्वी निवृत्त झालेला, टीमवर कुणाचा भरवसा नव्हता आणि पोरं जीव तोडून खेळत होती. आम्ही नेहरूनगरला मित्राच्या गच्चीवर टीव्ही चढवला होता. ७३व्या मिनिटाला फ्री किक, हेडर, आपला गोली गुरप्रीतने अडवला आणि बॉल घरंगळत गोललाइनच्या बाहेर गेला. पूर्ण बाहेर. गुरप्रीत जमिनीवर, आपले डिफेंडर थांबलेले, कारण कॉर्नर होता. कतारच्या एकाने बाहेरून बॉल पायाने आत ओढला आणि त्यांच्याच अयमनने मारला. रेफ्रीने गोल दिला! माझ्या भावाने भाकरीचा घास मोडून चटणी लावून धरला होता, सगळे रिप्ले संपेपर्यंत तो तसाच हातात. ८५व्या मिनिटाला दुसरा बसला. २-१, संपलं.

त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. एक माणूस स्क्रीन घेऊन बसला असता तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. फेडरेशनने नंतर तक्रार केली, पण त्याने स्कोअर बदलत नाही. "खेळाचा भाग" हे वाक्य गुरप्रीतसमोर उभं राहून म्हणून दाखवा.

लेफ्ट विंग:
ते मीच लिहिलंय, नाव घ्यायचं होतंस. दोहा मीही बघितलं, मीही जेवलो नाही त्या रात्री. पण तुझं म्हणणं असं की स्क्रीन असती की न्याय मिळाला असता. मी लिव्हरपूलवाला आहे, मला हे सांगू नकोस.

३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमविरुद्ध. आमच्या लुईस डियाझचा गोल, लाइनमनने झेंडा वर केला: ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना तो डिफेंडरच्या पुढे होता. व्हीएआरच्या खोलीत बसलेल्यांनी बघितलं, ऑनसाइड आहे, गोल खरा. पण त्यांना वाटलं मैदानावर गोलच दिलाय, म्हणून "चेक पूर्ण" सांगून मोकळे झाले. खेळ सुरू झाला आणि नियमाप्रमाणे मागे जाता येईना. नंतर त्यांचं बोलणं ऐकवलं सगळ्या जगाला, चूक कळल्यावर खोलीतली माणसं हतबल झालेली ऐकू येतात. आम्ही नऊ जणांवर आलो आणि ९६व्या मिनिटाला आमच्या मातिपच्या पायाला लागून बॉल आमच्याच जाळ्यात. मशीन होतं, कॅमेरे होते, रेषा होत्या. मिळाला न्याय?

दुसरं म्हणजे गोल झाल्यावर मी आता ओरडतच नाही. आधी लाइनमन बघतो, मग रेफ्रीचा हात कानाकडे जातोय का ते बघतो. तोवर आतलं सगळं थंड झालेलं असतं. माझे वडील मिलमध्ये होते, ८६ साली शेजारच्यांच्या टीव्हीवर मॅरेडोना बघितलेला. इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल आणि चार मिनिटांनी अर्ध्या मैदानातून सगळ्यांना चुकवत केलेला गोल, दोन्ही ते एका दमात सांगतात. पहिला काढून टाकला तर दुसऱ्याची गोष्ट निम्मी होते.

विजापूर वेस:
वडिलांची गोष्ट रंगतदार व्हावी म्हणून इंग्लंडने हरायचं का? २००९ ला फ्रान्सच्या आंरीने दोनदा हात लावून बॉल थांबवला, त्यावर गोल झाला आणि आयर्लंड वर्ल्डकपला मुकलं. त्यांच्याकडे कसली गोष्ट आहे सांगायला?

आणि डियाझचा निर्णय माणसांच्या गोंधळाने गेला. बोलायची पद्धत नीट नव्हती. डॉक्टरने चुकीच्या पायाचा एक्स-रे बघितला म्हणून एक्स-रे मशीन बंद करत नाहीत.

दहा नंबर:
मला दोघांचंही अर्धंच पटतंय. व्हीएआरच्या स्क्रीनवर काढतात त्या ऑफसाइडच्या रेघा मला सहन होत नाहीत. साधा हिशेब करा. टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं काढतो. पळणारा खेळाडू सेकंदाला ८ मीटर गेला तर दोन चित्रांच्या मध्ये १६ सेंटीमीटर सरकतो. पास नक्की कधी सुटला ते त्या दोन चित्रांच्या मध्येच कुठेतरी असतं, आणि हे लोक बोटभर ऑफसाइड देत होते. कतार वर्ल्डकपमध्ये बॉलमध्येच सेन्सर घातला, सेकंदाला ५०० वेळा नोंद, छताला १२ कॅमेरे, तेव्हा कुठे त्याला अर्थ आला. सौदीविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या हाफमध्ये तीन गोल ऑफसाइडने गेले, दुपारी ऑफिसमध्ये लपूनछपून बघत होते, मेस्सीची फॅन असून सांगते, बरोबर होते.

पण त्याच वर्ल्डकपची जपान-स्पेन आठवा. जपानच्या मितोमाने लाइनवरून ओढलेला बॉल. फोटो बघून आमच्या घरी सगळे शपथ घेऊन सांगत होते की बाहेर गेलाय. मोजला तर १.८८ मिलिमीटर आत. डोळ्यावर सोडलं असतं तर तो गोल गेला असता. तेव्हा बॉल लाइनच्या आत की बाहेर, यात माणसाच्या डोळ्याला काही किंमत नाही, लेफ्ट विंग.

आणि एक राहवत नाही म्हणून. तुम्ही १२ कॅमेऱ्यांवर भांडताय. आमच्या मुलींच्या मॅचला लाइनमनच नसतो. गेल्या वर्षी एका स्पर्धेत पुढच्या मॅचच्या दोन पोरांना उभं केलं, झेंडा म्हणून काठीला टॉवेलचा लाल तुकडा बांधलेला. एक पोरगा हाफटाइमपर्यंत फोनवर होता. माझा गोल त्याने ऑफसाइड दिला, कोणत्या खेळाडूच्या पुढे होते ते विचारलं तर सांगता येईना.

पार्क कट्टा:
क्रिकेटने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. डीआरएस. दोन-तीन रिव्ह्यू घ्या, चुकला तर गेला. आपलं बोर्ड आधी नाही म्हणत होतं, २०१६ पासून तेही आलं. फुटबॉलवाले उगाच रडतात.

लेफ्ट विंग:
क्रिकेटमध्ये प्रत्येक बॉलनंतर खेळ थांबतोच. इथे थांबवला की अटॅक मेला. शहरात जे काही मोकळं मैदान असतं तिथे पीच आधी, गोलपोस्ट नंतर, आणि वर आम्हाला सल्ले. नको.

शिट्टी:
इतका वेळ वाचत होतो. मी अकरा वर्षं जिल्ह्यातल्या मॅचेस घेतोय. कुणी रेफ्रीला विचारतंय का?

मे महिना, बेचाळीस डिग्री, एका स्पर्धेची सेमीफायनल. बॉक्समध्ये पोरगा पडला, मी मागे होतो, मध्ये तीन जण आणि धूळ. पेनल्टी दिली. माझा लाइनमन धावत आला, म्हणाला सर, बॉलला पाय लागलाय आधी. तो लाइनमन प्रामाणिक होता, मी निर्णय बदलला. जे योग्य तेच केलं. त्यानंतर अर्धा तास मॅच बंद. "कुणी किती दिले?" हे मला माझ्या मुलासमोर विचारलं गेलं, तो पाण्याच्या बाटल्या घेऊन लाइनजवळ बसला होता. मानधन म्हणाल तर पेट्रोल आणि चहा.

चुकीचा निर्णय लोक विसरतात. बदललेला निर्णय त्यांना विकलेला वाटतो. तुमच्या व्हीएआरमध्ये रेफ्री स्क्रीनकडे जातो, परत येऊन निर्णय फिरवतो आणि साठ हजार लोक ऐकून घेतात. ते शक्य होतं कारण बाहेर पडताना त्याला कुणी हात लावणार नसतो. आमच्याकडे आधी ते आणा.

जुना गोली:
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण एक बाजूच सांगलालात. मी पंधरा वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय. एकाही रेफ्रीने मॅच झाल्यावर "गोली, चुकलं माझं" म्हटलं नाही. एकानेही नाही! बॉल माझ्या छातीशी घट्ट, लाइनच्या अलीकडे, तरी गोल दिला होता एकाने. मी विचारलं तर यलो. दुसऱ्यांदा विचारलं तर बाहेर. ती जर्सी मी परत घातली नाही. तुम्हाला शिव्या नको असतात, आम्हाला उत्तर हवं असतं.

शिट्टी:
मैदानात चूक मान्य केली तर पुढच्या मॅचला कुणी शिट्टी ऐकेल का? तुम्ही पेनल्टीला दोन पावलं पुढे येता, ते कधी मान्य केलंत?

जुना गोली:
विषय बदलू नका सर. काय बोललालाव आपण आणि तुम्ही कुठे नेलालात.

दहा नंबर:
दोघंही थांबा. गोली अण्णा, सरांनी लाइनमनचं ऐकून निर्णय बदलला हे वाचलंत ना? तुम्हाला हवं होतं तेच त्यांनी केलं, आणि त्याची शिक्षा त्यांना मिळाली.

जुना गोली:
वाचलं. ते त्यांनी बरोबर केलं. त्यांच्या मुलासमोर तसं बोलायला नको होतं कुणी. एवढं मान्य. माझा गोल मात्र मान्य नाही.

लेफ्ट विंग:
सर म्हणतात तेच माझं म्हणणं. रेफ्रीला मान नसेल तर कॅमेऱ्याने काय होणार? २०२३ ला बंगळुरू-केरळा मॅचमध्ये बंगळुरूच्या छेत्रीने पटकन फ्री किक मारली, केरळाची भिंतसुद्धा लागली नव्हती. केरळा ब्लास्टर्स टीम घेऊन निघून गेले. चार कोटी दंड, कोचवर दहा मॅचची बंदी. तेव्हा सगळे ओरडले व्हीएआर आणा. फ्री किक घेऊ द्यायची की शिट्टीची वाट बघायला लावायची, हे रेफ्रीनेच ठरवायचं असतं. व्हीएआर तेव्हा बघायचं गोल, पेनल्टी, सरळ रेड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड. तिथे त्याचा उपयोगच नव्हता.

विजापूर वेस:
हा मुद्दा बरोबर आहे. मीही तेव्हा व्हीएआर म्हणूनच ओरडलो होतो, चुकलो. पण दोह्यात उपयोग होता, त्यावर तू अजून बोललेला नाहीस.

दहा नंबर:
पार्क कट्टा म्हणतो तसं आता फुटबॉलमध्येही आलंय, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट. कोचला दोन वेळा मागता येतं, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं. वेगळी खोली नाही, वेगळी माणसं नाहीत, रेफ्री स्वतः मॉनिटर बघतो, कमी कॅमेऱ्यांत भागतं. २०२४ ला कोलंबियात मुलींच्या अंडर-२० वर्ल्डकपला वापरलं. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठीच काढलंय. आपल्या लीगला हे का जमू नये?

शिट्टी:
लीगला जमेल. आम्हाला मोबाईल लावू नका एवढंच सांगतो. गोलच्या मागून कुणीतरी काढलेला व्हिडिओ माझ्या तोंडापुढे धरतात, त्यात अंतरच कळत नाही. मला दोन शिकलेले लाइनमन द्या आणि दोरीच्या पलीकडे प्रेक्षक. निम्म्या चुका तिथेच संपतील.

लेफ्ट विंग:
ठीक आहे. दोह्याचा बॉल बाहेर होता की नव्हता, तेवढं बघायला कॅमेरा ठेवा. गोललाइन आणि बॉलला लागलेला हात, बस. ऑफसाइडच्या रेघांना माझा विरोध आहे आणि राहील. स्वीडनच्या क्लबांनी व्हीएआर घेतलंच नाही, तिथे लोक गोल झाला की लगेच ओरडतात.

विजापूर वेस:
बॉलला हात तपासायचा म्हणजे पेनल्टी आली, पेनल्टी आली म्हणजे बॉक्समधला धक्काही आला. तू अर्ध्यावर आलास, तेवढं पुरत नाही मला. सर, रविवारी सकाळी तुमची मॅच आहे ना? एक लाइन मी धरतो, ऑफसाइडचा नियम तोंडपाठ आहे, फोन घरी ठेवून येतो.

जुना गोली:
दुसरी मी. साडेसहाला येतो. सर, त्या गोलबद्दल मॅच झाल्यावर बोलायचंय.

शिट्टी:
या. बोलू.