खाणीतून उपसलेलं पाणी खोऱ्याच्या हिशोबात धरतात का?

पंचवटीकर:
मंडळी एक शंका. आपल्या नाशकात दर ऑक्टोबरला जायकवाडीवरनं वाद ठरलेला, ते धरण ६५ टक्के भरलं का, नाही तर वरच्या गंगापूर-दारणा धरणांतनं किती टीएमसी सोडायचं. परवा मेव्हण्याकडे चंद्रपूरला गेलो होतो, घुग्घूसकडे कोळशाच्या ओपनकास्ट (उघड्या) खाणीतनं रात्रंदिवस पंप चालू आणि काळपट पाणी सरळ नाल्यात. वर्धा नदी पण प्राणहितेतनं शेवटी गोदावरीतच जाते ना, मग हे पाणी कुणाच्या खात्यात?

भूजलवाला:
कुणाच्याच नाही. गोदावरीचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या लवादाच्या १९८० च्या बच्छावत निवाड्यात स्पष्ट लिहिलंय की भूजलाचा वापर गोदावरीच्या पाण्याचा वापर म्हणून मोजायचा नाही. खाणीत येतं ते बहुतांश भूजलच. उपशाला केंद्रीय भूजल प्राधिकरणाची एनओसी लागते, भोवती पिझोमीटर (भूजलपातळी मोजायच्या नळ्या) बसवायची अटही असते, पण ती त्या एका खाणीपुरती. शेजारी दहा खाणी असल्या तर सगळ्यांचा मिळून उपसा खोऱ्याला झेपतो का हे बघणारं कोण?

वणीचा_भाऊ:
भूजलवाले बरोबर बोलले. इकडं यवतमाळच्या वणीत कोळशाच्या वर कामठी सँडस्टोन आहे, पाणी धरणारा खडक, खाण खोल गेली की लांबच्या विहिरीचंबी पाणी खाली ओढते. आमच्या वावरातली विहीर उन्हाळ्यात आटते आता, खाणवाल्याकडं गेलो तं म्हणे पाऊसच कमी झाला, आधीची पातळी लिहून ठेवलेली नाही तं भांडाचं कायच्या भरवशावर? अन् पावसाळ्यात उलटंच, नाल्याकाठी ओबीचे (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे) ढीग, माती वाहून पात्रात, पाणी वावरात.

सातपूर_सिव्हिल:
म्हणूनच परवानगीआधीची नोंद हवी, तीपण खाणवाल्याच्या कन्सल्टंटची नको. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. जवळची विहीर कुठली ते जिल्हा ऑफिसात विचारा आणि जुने आकडे लेखी मागा. आणि नाशिककरांनी लई हसू नये, ब्रह्मगिरीच्या पायथ्याला डोंगर फोडायचे प्रकार झालेच की, तेही गोदेच्या उगमाशी.

पंचवटीकर:
@वणीचा_भाऊ विहिरीजवळ अशी निरीक्षण विहीर आहे का? नसेल तर आता निदान स्वतः टेप सोडून दर महिन्याला पातळी लिहायला लागा, ग्रामसेवकाची सही घेऊन.

वणीचा_भाऊ:
सरकारी विहीर आहे, पण खाणीच्या पल्याड. टेप घेतो उद्या.