‘अमूर्त’ म्हणजे नेमकं कोणतं चित्र?

प्रश्न: कुसुमाग्रज स्मारकातल्या एका प्रदर्शनात गोदाघाटाचं चित्र पाहिलं. पायऱ्यांच्या जागी नुसते करडे आडवे पट्टे, पाण्यावर सुरीने खरवडलेला पिवळा ओघळ. एक गृहस्थ ‘मॉडर्न आर्ट’ म्हणाले, दुसरे ‘अमूर्त’. बरोबर काय?

उत्तर: न कळलेल्या कुठल्याही चित्राला आपल्याकडे ‘मॉडर्न आर्ट’ म्हणतात. पण आधुनिक हा काळाचा शब्द, अमूर्त हा रूपाचा. पिकासोचं ‘गेर्निका’ (१९३७) आधुनिक आहे, तरी त्यात घोडा, बैल, मूल घेऊन आक्रोश करणारी आई ओळखू येतात. ते अमूर्त नाही. वास्तववादी नाही ते अमूर्त, असंही नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातही वारली समाज आहे. वारली चित्रात दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा राहतो, पण तो माणूसच असतो.

शब्द जुना आहे. बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपं सांगितली आहेत. चित्रकलेत तो ‘ॲब्स्ट्रॅक्ट’साठी वापरू लागलो, आणि खरी अडचण तिथेच आहे. ॲब्स्ट्रॅक्टच्या लॅटिन मुळाचा अर्थ ओढून काढणं. म्हणजे आधी वस्तू हवी. डच चित्रकार मोंद्रियानने १९१२पर्यंत काढलेली झाडं ओळीने पाहा: खोड-फांद्या विरत विरत नुसत्या रेषा उरतात. तुम्ही पाहिलेला घाट याच वाटेवरचा. चित्रकार मालेविचचा ‘काळा चौरस’ (१९१५) मात्र कुठल्याही वस्तूतून निघालेला नाही. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनाही आपल्या चित्रांसाठी ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ मान्य नव्हतं. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे मुळात वस्तूच नसलेलं, म्हणत. आपण दोन्हींना ‘अमूर्त’ म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या प्रकाराला ‘अप्रतिरूप’ म्हणावं, असं मला फार वाटतं.

वापराचं म्हणाल तर चित्रकार ‘अमूर्तात काम करतो’, ‘अमूर्ताकडे वळलो’ असं सहज बोलतात. ‘अमूर्त चित्रकार’ रूढ आहे, पण मला खटकतं. विशेषण चित्राचं, ते माणसाला कशाला?

आणखी एक उत्तर: ‘अप्रतिरूप’ लेखात चालेल, बोलताना जड जातं. घाटाच्या चित्राबद्दल मी ‘घाटाचं अमूर्तीकरण’ म्हणेन. वस्तू कोणती आणि तिचं काय झालं, दोन्ही त्यात येतं. चित्राखालची पाटीही वाचावी. तिथे ‘गोदाघाट’ लिहिलं असेल तर चित्रकाराने वस्तू सोडलेली नाही. गायतोंड्यांच्या पुष्कळ चित्रांना शीर्षकच नाही.