दुपारी डोकं चालेनासं होतं, काय करू?

जीएसटीची विवरणपत्रं भरते. जेवण झालं की तीनच्या सुमारास आकडे समोर दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत. एकच बिल दोनदा चढवलं जातं. झोप सात तास होते.

उत्तर : जेवून लगेच खुर्चीत बसू नका, शतपावली घाला. भात कमी, उसळ जास्त. संध्याकाळी चहा घेता का? निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण ५ तास लागतात, झोप गाढ लागत नाही.

उत्तर : ताई, शाकाहारी असाल तर आधी बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासा. माझ्या आईचं बी-१२ फार कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, तेव्हा कुठे ती वाण्याचा हिशेब पुन्हा तोंडी करायला लागली. मनाने गोळ्या घेऊ नका.

प्रश्नकर्ती : शाकाहारीच आहे. उद्याच रक्त देऊन येते. सहाचा चहा आजपासून बंद.