विषय: आयल्ट्सच्या लेखनात अर्धा बँड कमी पडतो आहे

सप्रेम नमस्कार,

माझा धाकटा भाऊ नाशिकला असतो. त्याचे एमई झालेले असून त्याला नोकरीचा चार वर्षांचा अनुभव आहे. कॅनडात कायम राहण्याची परवानगी देणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्री योजनेसाठी त्याने तीन आठवड्यांपूर्वी आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा (जनरल ट्रेनिंग प्रकारातली) दुसऱ्यांदा दिली आणि त्याला श्रवणात ८, वाचनात ७.५, संभाषणात ७, पण लेखनात ६.५ बँड मिळाले. पहिल्या खेपेलाही लेखनाचे ६.५ च होते. मधल्या चार महिन्यांत त्याने क्लास लावला, साठेक सराव प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि क्लासने दिलेले पंचवीस ‘हमखास’ निबंध पाठही केले. आता तो म्हणतो की अर्ध्या बँडने असा काय फरक पडणार आहे, आहेत त्याच गुणांवर प्रोफाइल टाकतो. मंडळात या परीक्षेची माहिती असलेले कोणी असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक सभासद, ब्रॅम्प्टन


पुन: आयल्ट्सच्या लेखनात अर्धा बँड कमी पडतो आहे

सप्रेम नमस्कार,

सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी २६ वर्षे इंग्रजी शिकवले. आता मिसिसागाला लेकीकडे असते आणि मंडळातल्या मुलांचे निबंध अधूनमधून तपासून देते.

आधी त्या अर्ध्या बँडचा हिशोब करू. कॅनडाचे इमिग्रेशन खाते आयल्ट्सचे बँड सीएलबी नावाच्या पातळ्यांत बदलून घेते. लेखनातील ७ म्हणजे सीएलबी ९ आणि ६.५ म्हणजे सीएलबी ८. तुमचा भाऊ अविवाहित आहे असे धरले, तर एक्स्प्रेस एन्ट्रीत उमेदवारांचा क्रम ठरवणाऱ्या गुणांपैकी एका कौशल्यासाठी त्याला नवव्या पातळीला ३१ गुण मिळाले असते, आठव्या पातळीला २३ मिळतात. हे ८ गुण गेले ते गेलेच, पण मोठा फटका पुढे आहे. पदव्युत्तर पदवी आणि कॅनडाबाहेरचा तीन किंवा अधिक वर्षांचा अनुभव या दोन्हींना इंग्रजीच्या जोडीने प्रत्येकी ५० गुण मिळतात, मात्र त्यासाठी चारही कौशल्यांत किमान सीएलबी ९ लागते. एक जरी कौशल्य आठव्या पातळीवर राहिले, तरी दोन्हीकडे ५० चे २५ होतात. म्हणजे एकूण ५८ गुणांचा प्रश्न आहे. हा आकडा त्याला जरूर सांगा.

आता तयारीविषयी. प्रश्नपत्रिका सोडवून श्रवण आणि वाचन सुधारते, कारण तिथे उत्तरतालिका असते आणि ४० पैकी किती उत्तरे बरोबर आली हे लगेच समजते. लेखनाला उत्तरतालिका नसते. लिहिलेले कोणी तपासले नाही, तर साठ प्रश्नपत्रिकांत तीच चूक साठ वेळा गिरवली जाते आणि हात मात्र भराभर चालू लागल्याने प्रगती झाल्यासारखी वाटते. तुमच्या भावाचे नेमके हेच झाले असावे.

लेखनाच्या ६० मिनिटांत दोन प्रश्न असतात: किमान १५० शब्दांचे पत्र आणि किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाचे वजन पत्राच्या दुप्पट असते, म्हणून पत्राला २० आणि निबंधाला ४० मिनिटे द्यावीत. परीक्षक चार गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या मानून तपासतात: प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. पाठ केलेला निबंध यांतल्या पहिल्याच कसोटीवर अडखळतो, कारण तो दुसऱ्याच कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असतो, आणि पाठांतर परीक्षकांना ओळखता येते. (क्लासवाल्यांना हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.)

आपल्या मुलांची आणखी एक सवय शाळेतून येते आणि त्यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. ‘विज्ञान: शाप की वरदान’ हा निबंध आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लिहून घेतला: ‘आजच्या विज्ञानयुगात’ अशी सुरुवात, मग थोडे फायदे, थोडे तोटे आणि शेवटी ‘सदुपयोग केला तर वरदानच’. आयल्ट्समध्ये अमुक मताशी तुम्ही कितपत सहमत आहात असे विचारले, तर स्वतःची भूमिका पहिल्या परिच्छेदात स्पष्ट करावी लागते आणि ती शेवटपर्यंत टिकवावी लागते. दोन्ही बाजूंचे भले चिंतून केलेला समारोप तिथे कमी पडतो. विज्ञानयुगाची ती दोन वाक्ये तर निव्वळ वाया जातात.

पत्राच्या बाबतीत आपली परंपरा उपयोगी पडते. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव आणि अनोळखी व्यक्तीला सा. न. वि. वि. लिहिणाऱ्याला नात्यानुसार भाषा बदलते हे शिकवावे लागत नाही. प्रश्नात पत्राचे तीन मुद्दे दिलेले असतात. ते तिन्ही यायला हवेत, आणि घरमालकाला लिहिलेल्या तक्रारीत मित्राच्या पत्रातली सलगी दिसू नये.

व्याकरणाचे दुखणे अधिक खोल आहे, कारण ते मराठीतून येते. ‘चार वर्षांपासून मी इथे काम करत आहे’ हे मराठीत निर्दोष आहे, म्हणून इंग्रजीत ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स’ असे सहज लिहिले जाते. तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ हवे आणि ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ हवे. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येऊन बसते. सर्वांत त्रासदायक म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ ही आर्टिकल्स, कारण मराठीत तशी वस्तूच नाही आणि त्यामुळे ती गळाली तरी आपल्या कानाला काही खटकत नाही.

यावर मी मुलांकडून एकच गोष्ट करून घेते. निबंध लिहून दोन दिवस बाजूला ठेवायचा. तिसऱ्या दिवशी तो फक्त आर्टिकल्ससाठी वाचायचा: प्रत्येक नामाभोवती गोल करून त्याच्याआधी काय हवे हे स्वतःला विचारायचे. मग दुसरे वाचन फक्त क्रियापदांसाठी. सापडलेल्या चुका एका वहीत उतरवायच्या आणि तोच निबंध नव्याने लिहून काढायचा. आठवड्याला दोनच निबंध होतात, मुले कुरकुरतात, पण तीनेक आठवड्यांत वहीत त्याच त्या सहा-सात चुका फिरून येताना दिसू लागतात आणि अभ्यास कशाचा करायचा हे समजते. वाचनाला सध्या हात लावू नये. रोज थोडे इंग्रजी ऐकत आणि बोलत राहावे, कारण श्रवणाचे ८ आणि संभाषणाचे ७ हे सीएलबी ९ साठी अगदी काठावरचे आहेत.

लेखनाच्या पुनर्तपासणीसाठी परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करता येतो आणि गुण बदलले तर शुल्क परत मिळते. बाकी गुण पाहता अर्ज करायला हरकत नाही, मात्र निकालाची वाट पाहत अभ्यास थांबवू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिसिसागा


पुन: पुन: आयल्ट्सच्या लेखनात अर्धा बँड कमी पडतो आहे

नमस्कार,

काकूंच्या पत्रात दोन गोष्टींची भर घालतो. एकच कौशल्य पुन्हा देण्याची सोय आयल्ट्समध्ये आहे, परंतु एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी तसा निकाल ग्राह्य धरत नाहीत. पूर्ण परीक्षाच द्यावी लागते. दुसरे म्हणजे सेल्पिप ही कॅनडाची परीक्षाही चालते. ती सुमारे तीन तासांत एकाच बैठकीत संगणकावर होते आणि तिचे गुण थेट सीएलबीच्या पातळीशी जुळतात. माझ्या पत्नीने तीच दिली. फक्त त्यात माणसाऐवजी मायक्रोफोनशी बोलावे लागते, आणि ज्याला समोर चेहरा लागतो त्याची तिथे पंचाईत होते. कोणत्याही परीक्षेचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

एक सभासद, हॅमिल्टन


पुन: पुन: पुन: आयल्ट्सच्या लेखनात अर्धा बँड कमी पडतो आहे

आदरणीय काकू आणि हॅमिल्टनचे दादा,

आपले मनापासून आभार. ५८ हा आकडा ऐकून भाऊ बराच वेळ गप्प होता. काल रात्री त्याने सरावातला एक जुना निबंध पाठवला आणि आम्ही दोघांनी फोनवर तो फक्त आर्टिकल्ससाठी वाचला. अकरा जागा सापडल्या, त्यांपैकी चार पहिल्याच परिच्छेदात, आणि त्या परिच्छेदाची सुरुवात ‘आजच्या आधुनिक युगात’ अशीच होती. पुनर्तपासणीचा अर्ज तो याच आठवड्यात करतो आहे. काकू, नव्याने लिहिलेला निबंध रविवारी आपल्याकडे पाठवला तर चालेल का?

आपली,
एक सभासद, ब्रॅम्प्टन