मदत हवी आहे: ऑनलाइन घेतलेला जुना चेनसॉ खराब निघाला, विकणारा फोन उचलत नाही

नमस्कार मंडळी. काटोलजवळच्या बागेतली वाळलेली संत्र्याची झाडं काढायला जुना पेट्रोल चेनसॉ ऑनलाइन जाहिरात पाहून घेतला. ९,५०० रुपये यूपीआयने दिले. 'एकच हंगाम वापरलाय' म्हणत विकणाऱ्याने चालू मशीनचा व्हिडिओ पाठवला होता. ट्रान्सपोर्टने नागपूरला आलं ते मशीन दुसरंच! मॉडेल-नंबराची पट्टी घासून काढलेली.

थंड असताना सुरू होतं, गरम झालं की बंद पडतं आणि सुरू करायची दोरी अगदी हलकी ओढली जाते. नवा प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटरची सफाई, ताजं पेट्रोल आणि त्यात लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, सगळं करून झालं. मिस्त्रीने सायलेन्सर काढून दाखवलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. बहुतेक ऑइलशिवाय चालवलंय.

विकणाऱ्याने आधी 'तुम्हीच बिघडवलं' म्हटलं, मग नंबर ब्लॉक केला. चॅट, व्हिडिओ, पेमेंटची पावती माझ्याकडे आहे. पक्कं बिल नाही, तो दुकानदारही नाही, घरगुती विक्री होती. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, बँकेतही अर्ज दिला आहे. इंजिन अजून खोललेलं नाही, पुरावा म्हणून तसंच ठेवलंय. बाग मोकळी करायची घाई आहे, दुसरं मशीन घेणं मात्र आत्ता परवडत नाही.

अशा खाजगी विक्रेत्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार घेतात का, की पोलिसांकडेच पाठपुरावा करावा? आणि नंबराची पट्टी नसताना सिलेंडर-पिस्टनचा बरोबर बसणारा सेट नागपुरात कोण मोजून देईल?