पूल बांधून गणित येतं का?

मंजिरी_ठाणे
लेकीच्या दुसरीच्या वर्गात 'प्रोजेक्टमधून गणित' सुरू झालंय, म्हणजे पूल वगैरे बांधत मापं-हिशेब शिकायचे, आणि पालकांची कुरकुरही: पाढे कधी घेणार? माझं मत, प्रोजेक्टच घ्या. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी १९७०च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात केलेला काड्यांचा खेळ आम्ही घरी केला. काडेपेटीच्या काड्यांचं गूल खरवडायचं, सांध्याला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. त्रिकोण घट्ट राहतो, चौकोन दाबला की तिरपा. त्याला एक कर्ण लागतो, पंचकोनाला दोन. कर्णाला काडी पुरत नाही, मग खराट्याचा हीर मापून तोडायचा. षटकोनाला तीन लागणार, हे तिनं जोडायच्या आधीच सांगितलं!

झेडपी_गुरुजी
सांगितलं, कारण विचारायला शेजारी आई होती. माझ्याकडे दुसरी-तिसरी एकत्र, अडतीस टाळकी. अर्धा तास ट्यूब कापण्यात जातो, चार पोरं बांधतात, बाकीची बघतात. आणि ४२ मधून १७ काढताना दशक सुटा करायचा, ते पुलात कुठे येतं?

पाबळकर
आमच्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हेच केलं, हातानं काम करत शिकणं. पण शाळांत गेलेला त्यांचा अभ्यासक्रम आठवीपासूनचा. सात वर्षांच्या पोराला तसाच लावू नका.

सुताराचा_नातू
आजोबांना पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे तोंडपाठ. घोकूनच आली होती, प्रोजेक्ट वगैरे काही नाही. पण रोज लाकडाच्या हिशेबात वापरली म्हणून म्हातारपणीही टिकली. शाळेत घोकलेलं वापरायला जागाच नसते, खरी गोची तिथे आहे.

मंजिरी_ठाणे
तेच म्हणतेय मी! आणि गुरुजी, दशक शिकवताना दहा-दहाचे गठ्ठे मुलं हातानंच बांधतात ना? मग भांडण कशाचं?

झेडपी_गुरुजी
वेळेचं. गठ्ठा सोडला की दहा सुट्या काड्या समोर, पाच मिनिटांत काम. पुलाचा गोंद वाळेपर्यंत तास संपतो. शहरातले प्रोजेक्ट तर रात्री बारा वाजता बाबा चिकटवतात.

क्लासचा_बळी
आमच्या सोसायटीतल्या रोबोटिक्स क्लासात तुकड्यांवर नंबर छापलेले. पोरं नंबर जुळवतात, आम्ही फी भरतो.

मंजिरी_ठाणे
तो प्रोजेक्टच नव्हे. मापायला, चुकायला काही उरलंच नाही त्यात.

झेडपी_गुरुजी
हे मात्र पटलं. आनंददायी शनिवारी, उपक्रमांच्या दिवशी, काड्या काढतो. सोमवार ते शुक्रवार गठ्ठे आणि पाढेच. आणि ताई, व्हॉल्व्ह ट्यूब तुम्हीच पाठवा, आमच्या सायकलवाल्यानं ठेवणं बंद केलंय.